तुरीत लपलेलं गाव

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्हांला सामाजिक समस्यांचा एक पेपर होता. बेकारी, हुंडा, अस्पृश्यता, लोकसंख्यावाढ. प्रत्येक समस्येला एक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणात कारणं, परिणाम, उपाय. आम्ही ती प्रकरणं घोकून पाठ करायचो. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याहून नागपुरात आलेल्या, चाळिशीच्या, सडसडीत. त्यांना हे पाठांतर बघवत नसे. एकदा त्यांनी भर वर्गात पुस्तक मिटलं आणि विचारलं, "यातलं काही तुमच्यापैकी कोणी कधी जवळून पाहिलंय?"

आम्ही वह्यांत डोकी घातली. खरं तर पाहिलं सगळ्यांनीच होतं, पण आपापल्या घरात. आणि घरातलं वर्गात बोलायचं नसतं, अशी आमची समजूत.

मग ठरलं की एका खेड्यात जायचं. एकत्र कुटुंबं खरंच मोडत चालली आहेत का, ते घरोघर विचारायचं. मॅडमनी प्रश्नावली तयार करून घेतली. कर्त्या पुरुषाचं नाव काय, वय काय, घरात माणसं किती, चुली किती, मुलं किती. मौद्याच्या पलीकडचं एक लहानसं गाव निवडलं. वर्गातल्या एका मुलाचे काका ठेकेदार होते, त्यांनी जीप दिली, ड्रायव्हरसकट. तो मुलगा, त्याचा एक दोस्त, मी आणि मॅडम असे चौघं निघालो. आणीबाणीतला तो हिवाळा होता.

भंडारा रोडनं मौद्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे कच्ची वाट. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मध्ये मध्ये पुरुषभर उंचीची तूर. जीपमागे धुळीचा हा एवढा लोट. गाव दिसायला लागलं तशी कोणीतरी शिट्टी वाजवल्यासारखं ऐकू आलं. मी म्हटलं, गुराखी असेल.

गावाच्या तोंडाशीच खळं होतं. मधल्या खांबाला जुंपलेले बैल धानाच्या पेंढ्यावर उभे, तोंडानं पेंढा ओढत. मळणी अर्धवट. पण बैलांमागे माणूस नव्हता. एका झाडाखाली न्याहारीची भाकर उघडी पडलेली, पाण्याचा लोटा कलंडलेला. आम्ही खाली उतरलो. गावात एकही पुरुष दिसेना.

पहिल्याच घरासमोर एक म्हातारी उन्हात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आजी, गावातले लोक कुठी गेले?"

"लग्नाले," ती मान वर न करता म्हणाली.

त्याच वेळी शेजारच्या दारातून एक बाई ओरडली, "मयतीले गेले सारे!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारीनं शांतपणे सूप पाखडलं. "लग्नात मयत झाली," ती म्हणाली.

मुलांना हसू आवरेना. मॅडम मात्र गंभीरपणे पुढे झाल्या आणि आपल्या स्वच्छ पुणेरी मराठीत त्यांनी शेजारणीला विचारलं, "आपल्याला अपत्यं किती?"

"काय?"

"मुलं, मुलं किती?"

"एक."

तिच्या लुगड्यामागून तीन डोकी डोकावत होती. मॅडमनी त्यांच्याकडे बोट केलं. "ते पावणे हायेत," बाई म्हणाली.

पुढच्या घरी एक लेकरू. त्याच्या पुढच्या घरीही एकच. चौथ्या घरी तर एकही नाही, आणि आत पाळण्याची दोरी करकरत होती. कर्ता पुरुष कुठेच नव्हता. एका बाईनं तर, कुंकू ठसठशीत असताना, नवरा वारला म्हणून सांगून टाकलं. तेवढ्यात तिची चिमुकली पोरगी म्हणाली, "बा तं तुरीत हाय ना वं!" आणि पाठीत धपाटा खाऊन रडायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जीप. धुवट कपड्यांतली दोन शहरी पोरं. माझ्या हातातली काळी रेक्झिनची बॅग. पुणेरी बोलणाऱ्या बाई, आणि त्यांचा पहिला प्रश्न मुलं किती, दुसरा कर्ता पुरुष कुठे आहे. गाव आम्हांला नसबंदीवाले समजून बसलं होतं.

आणि मला हे आधीच कळायला हरकत नव्हती, कारण ती भीती आमच्याही घरात मुक्कामाला होती. बाबा सरकारी कचेरीत कारकून. एकतर स्वतः ऑपरेशन करून घ्या, नाहीतर कोणाला तरी घेऊन या, असं त्यांना वरून सांगण्यात आलं होतं. पन्नाशी उलटलेले बाबा संध्याकाळी घरी आले की चपला काढून तसेच ओट्यावर बसून राहत. आई काही विचारत नसे. पण प्रश्नावली लिहिताना मला त्यांची आठवण झाली नव्हती. पुस्तकातली लोकसंख्यावाढ आणि ओट्यावर बसलेले बाबा यांचा काही संबंध असेल, हे मनातच आलं नाही.

मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "चला, परत जाऊ," त्या म्हणाल्या. "यांना कशाला अजून छळायचं?"

आम्ही जीपकडे वळलोच होतो, तेवढ्यात टोकाच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला. आधी दबका, मग मोठा. बाळंतपणाचा आवाज ओळखायला शिकावं लागत नाही. मी धावत त्या दाराशी गेले. दारात एक उंच, मजबूत हाडापेराची बाई हात आडवे करून उभी होती.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही झालं. जा तुमी."

आतून सुईण म्हणाली, "सांग ना वं त्याइले! पोर अडलं हाय. कालपासून पोरगी तडफडून राहिली."

मॅडम मागून आल्या होत्या. "जीप आहे आमची. मौद्याला दवाखाना आहे. आत्ता नेऊ तिला."

"दवाखान्यात नाही नेऊ द्याची," दारातली बाई, म्हणजे तिची सासू, म्हणाली. "तिथं नेलं का कापते. अन् मागून माह्या पोराले बी धरून नेतीन. मले माहीत हाय."

"अहो, आम्ही त्यातले नाही. कॉलेजातून आलोय."

"सारे असंच म्हणते."

आत पोरगी पुन्हा किंचाळली. मग मॅडमनी हातातले कागद मला दिले आणि त्या तिथेच अंगणात, शेणानं सारवलेल्या भुईवर बसल्या. सासूपेक्षा खाली. "तुम्ही सांगा, मी काय केलं म्हणजे तुमचा विश्वास बसेल. ते करते," त्या म्हणाल्या.

सासूनं मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दूर जीपपाशी उभ्या असलेल्या दोन पोरांकडे पाहिलं. तिनं बराच विचार केला. शेवटी बोट दाखवून म्हणाली, "हे दोन पोट्टे इथं ठिवा. आमची सून वापस आली का आपले घेऊन जा."

"ठेवले," मॅडम एका दमात म्हणाल्या.

जीपवाल्या काकांचा पुतण्या पांढराफटक पडला. "मॅडम, ओलीस?" तो पुटपुटला. पण त्याच्या दोस्तानं त्याला खांद्याला धरून खळ्याकडे नेलं. दोन म्हाताऱ्या लगेच त्यांच्या दोन बाजूंना जाऊन बसल्या.

पोरगीला गोधडीवर उचलून जीपमध्ये आणलं. वीसएक वर्षांची असेल, माझ्याहून लहान. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सुईण पायाशी, सासू बाजूला, मॅडम पुढे. ड्रायव्हर खड्डे चुकवत इतका हळू चालवत होता की सासू ओरडली, "हाकल ना गा जल्दी!" आणि जोरात हाकली की तीच ओरडायची, "अरे, हळू, हळू!" मी पोरगीच्या कपाळावर ओला रुमाल धरला होता. ती डोळे उघडून मला म्हणाली, "बाई, मी मरून राहिली काय?"

"नाही वं. मौदा आलाच आता," मी म्हटलं. मौदा अजून बराच लांब होता.

दवाखान्यात डॉक्टर होते, नर्सबाई होत्या. सुनेला आत घेतलं तशी सासूही आत घुसली. नर्सनं तिला बाहेर जायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी भिंतीले लागून उभी राहतो. बोलत नाही. पण हालत बी नाही." डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि राहू दिलं.

बाहेर बाकावर मी आणि मॅडम. दोघींच्या कपड्यांवर रक्ताचे डाग. मॅडमनी माझा हात धरला होता, आणि तो किती घट्ट धरलाय याचं त्यांना भान नव्हतं. मला वाटलं, आता काही वाईट झालं तर गावात काय सांगायचं? ती दोन पोरं तिथं आहेत. तुरीत कुठेतरी हिचा नवरा आहे. आम्ही गेलोच नसतो तर?

आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, सलग. मॅडमनी डोळे मिटून घेतले. माझा हात सुटला, तेव्हा बोटं बधिर झालेली कळली.

चिमटा लावून मूल काढावं लागलं होतं. मुलगी होती. डोक्यावर चिमट्याची खूण होती, ती जाईल म्हणाले. सून अर्धवट शुद्धीत, पण ठीक. सासू डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरसायब, खरं सांगा. तिचं काही कापलं तं नाही?"

डॉक्टर तरुणच होते, घामाघूम झालेले. त्यांना प्रश्न कळला असावा. "नाही, आजी. काही कापलं नाही. पुढेही लेकरं होतील तिला."

सासू मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून ती रडली, मग त्याच पदरानं तोंड पुसून उठली आणि म्हणाली, "चाला. माह्या पोराले सांगू दे."

सुईणीला सुनेजवळ ठेवून आम्ही परत निघालो. गाव जवळ आलं तशी सासू चालत्या जीपमध्ये उभी राहिली, एका हातानं दांडा धरून. खळ्यावर आमच्या वर्गातला तो ठेकेदाराचा पुतण्या बैलांमागे चालत होता, हातात काठी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हाताऱ्यांनी त्याला कामाला लावलं होतं. त्याच्या दोस्ताजवळ एक उघडाबोडका तरुण उकिडवा बसला होता, केसांत तुरीची पानं. तो नवरा. बायकोला जीपमध्ये घातल्याचं कळताच तो तुरीतून धावत बाहेर आला होता आणि तेव्हापासून तिथंच बसून होता. पकडायचं तर पकडा, म्हणाला होता.

सासूनं जीप थांबायच्या आतच हाक दिली. "पोरगी झाली गा! दोघी बी चांगल्या हायेत! या रे सारे बाहीर! हे ते लोक नाहीत!"

थोडा वेळ काहीच हाललं नाही. मग तूर सळसळली. एकेक माणूस बाहेर यायला लागला. तरणे, मध्यमवयीन, एक तर सत्तरीचा, दात नसलेला. त्याला पाहून बायका खो खो हसायला लागल्या. "तुले काहून पकडतीन गा, बुढ्या!" कोणीतरी ओरडलं. म्हातारा कपडे झटकत म्हणाला, "त्याइच्या मनात काय, मले काय माहीत?" मग तोही हसला. सकाळपासून श्वास रोखून बसलेलं गाव एकदम मोकळं झालं. लेकरं घराघरांतून बाहेर सांडली. इतकी लेकरं त्या घरांत होती, यावर विश्वास बसेना.

नवरा मात्र हसला नाही. तो मॅडमसमोर आला आणि त्यानं हात जोडले. "जा, जीप सोडते तुला दवाखान्यात," मॅडम म्हणाल्या. तो जीपमध्ये बसण्याआधी क्षणभर थबकला. मग चढला.

जीप परत येईपर्यंत आम्ही खळ्यावर बसलो. कोणीतरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या. आम्ही प्रश्न विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण सासूच म्हणाली, "इतके दुरून आले तुमी. विचारा ना आता." आणि मग बायकांनी आपण होऊन सांगितलं. किती झाले, किती जगले, कोणत्या साली चुली वेगळ्या झाल्या आणि कोणाच्या बोलण्यावरून. सकाळी "एक" म्हणणारी शेजारीण पाच सांगत होती, आणि गेलेल्या दोघांबद्दल सांगताना तिचा आवाज खाली गेला. मी लिहीत होते, पण मध्येच थांबून नुसती ऐकत राहिले.

अहवाल लिहिताना मॅडमनी सकाळची उत्तरं काढून टाकू दिली नाहीत. "आधीचीही लिहा, नंतरचीही लिहा. आणि मध्ये काय झालं तेही लिहा," त्या म्हणाल्या. त्यावरून विभागात थोडी कुरकुर झाली, पण त्या बधल्या नाहीत. पुढे मी स्वतः समाजशास्त्र शिकवायला लागले. प्रश्न कसा विचारावा हे मुलांना सांगताना मी पुस्तकातल्या नियमांच्या आधी हेच सांगायची, की प्रश्न विचारणारा कशात बसून आलाय ते आधी बघा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निवडणुका झाल्या. सरकार बदललं. त्यानंतर काही दिवसांनी तो नवरा आमच्या विभागाच्या दारात उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात तांदळाची पिशवी. जीपवाल्या बाई कुठे बसतात, असं त्यानं शिपायाला विचारलं होतं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला. पोरगी चांगली आहे, पालथी पडायला लागली, सासू-सुनेचं त्या पोरीवरून रोज भांडण होतं, असं सांगितलं. चहा आला. त्यानं कप हातात घेतला, पण प्याला नाही.

"बाई, एक विचारू?"

"विचार ना."

"ते खरंच बंद झालं ना? का फक्त म्हणते लोक?"

"खरंच बंद झालं," मॅडम म्हणाल्या.

मग तो खुर्चीत नीट मागे टेकला, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून सावकाश प्यायला लागला.