तहानलेल्या कुंड्या

आमच्या विभागाच्या काचघरात माळीकाका मी जन्मले त्याच्याही आधीपासून होते. उंच, जरा वाकलेले, खिशात कायम सुतळीचा गुंडा. झाडांशी भरभरून बोलायचे, माणसांशी कामापुरतं. मी पीएच.डी.ला आले तेव्हा त्या काचघरात शिकलेलं माणूस आपण एकटंच, असा माझा ठाम समज होता.

माझा प्रश्न तसा साधा होता. एकच रानगवत कोरड्या टेकडीवर उगवतं आणि नदीकाठीही. टेकडीवरच्या गवताने पिढ्यानपिढ्या तहान सोसली. ती सोसण्याची ताकद त्याच्या बियांत उतरली आहे का? दोन्हीकडचं बी मी एकाच मातीत, दोनशे कुंड्यांत लावलं. निम्म्या कुंड्यांना भरपूर पाणी. उरलेल्यांना लाल चिठ्ठी.

"लाल चिठ्ठीवाल्यांना आठवड्यातून एकदा मीच मोजून पाणी घालीन. तुम्ही हात लावायचा नाही," मी काकांना बजावलं. का, ते सांगितलं नाही. त्यांना काय कळणार, असं वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

सात आठवड्यांनी निकाल आला आणि मी हवेतच तरंगायला लागले. नदीकाठचं गवतही टेकडीवरच्या इतकंच तगलं होतं. कुणाच्या स्वप्नातही नव्हतं असं काही. माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. मी धावत काकांकडे गेले.

"काका, एवढ्याशा पाण्यावर जगली बघा ती."

काका नळी गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. इतक्या वर्षांत त्या दाराशी ते कधी आले नव्हते.

"ताई, तेवढ्या पाण्यावर नाही जगली ती. शनिवार-रविवार तुम्ही नसायच्या. बिचाऱ्यांनी माना टाकलेल्या. मी एकेक मग घातला. अगदी मरायला टेकलेल्यांनाच. नदीकडचीच जास्त होती."

बी गोळा करण्यापासूनच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी फिरलं होतं, तेही मगाने. "एक साधं काम सांगितलं होतं तुम्हाला," मी ओरडले, "काही न करण्याचं. तेवढंही जमलं नाही?" ते खाली मान घालून निघून गेले.

राग उतरायला संध्याकाळ लागली. मग लक्षात आलं, हा माणूस गप्प बसला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. मी खोट्या निकालावर पदवी घेतली असती आणि जन्मभर तोच शिकवत बसले असते. नोकरी जाऊ शकते हे माहीत असून ते दाराशी आले होते. दुसऱ्या दिवशी मी काचघरात गेले, माफी मागितली आणि उलट्या बादलीवर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं.

"काही मरायलाच हवीत, काका. कोण मरतं आणि कोण तगतं, त्यातच उत्तर आहे."

"हे आधी सांगितलं असतंत तर मन घट्ट केलं असतं मी," ते म्हणाले.

सरांनी आणखी एकच हंगाम दिला. तो फुकट गेला तर विषय सोडायचा. पुन्हा दोनशे कुंड्या लागल्या. या वेळी लाल चिठ्ठ्या काकांनी स्वतः सुतळीने बांधल्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी आपला पाण्याचा मग माझ्या हातात दिला.

"हा घरी न्या. सोमवारी आणा."

काचघरात नळ होता, चार बादल्या होत्या. पण ते हसत नव्हते, म्हणून मी मग पिशवीत टाकला. सात शनिवार तो माझ्याबरोबर घरी गेला. चौथ्या आठवड्यात नदीकडच्या गवताने माना टाकल्या, तेव्हापासून काका त्या रांगेकडे पाठ करून काम करायचे. तरी कुठली कुंडी कुठल्या वारी गेली, ते एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचे. नदीकडच्या पन्नासांपैकी एकेचाळीस गेली. टेकडीवरची नऊ.

शेवटच्या सोमवारी मी मग परत दिला. "आता घालू?" त्यांनी विचारलं.

"घाला."

त्यांनी जगलेल्यांना पाणी घातलं. मग मेलेल्यांनाही घातलं. मी अडवलं नाही.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे: 'काचघरातल्या माळीकाकांचे आभार. खरं सांगितल्याबद्दल आणि पाणी न घातल्याबद्दल.' बांधून आलेली पहिली प्रत त्यांनाच नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं.

"चाळीस वर्षं पाणी घातलं, कुणी लिहून ठेवलं नाही," ते म्हणाले. "नाही घातलं, तर पुस्तकात आलो."