देवाच्या ताब्यातल्या गांधीलमाश्या

मेंदूचं काम सोडून तुम्ही वर्तनाकडे का वळलात, असं विद्यार्थी विचारतात. मी भारदस्त कारणं सांगते, ते लिहून घेतात. खरं कारण मिठबावला आमच्या देवळाच्या सभामंडपात लटकत होतं.

साठ सालानंतरचे दिवस. गांधीलमाशीच्या मेंदूवर माझा प्रबंध चालू होता. रोज बाहेर जाऊन घर शोधत परतणारी माशी आणि अजून बाहेरच न पडलेली माशी, या दोघींच्या मेंदूत काही फरक दिसतो का, ते बघायचं होतं. त्यासाठी पाऊस सरल्यापासून मी मंडपातल्या पोळ्यावरच्या एकेका माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देत होते. माझ्या लग्नाची आशा गावाने तेव्हाच सोडली. शेवटच्या अळ्यांना पंख फुटले की सगळ्या पकडून स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या. त्या हातच्या गेल्या तर प्रबंधही गेला.

तेवढ्यात जत्रा आली आणि मंडळी पोळं जाळायला निघाली. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या काकांचा. त्यांना म्हटलं, थोडं थांबवा.

"मी कोण थांबवणारो? देवाक इचारूया."

काकांनी काम अर्धवट कधी केलं नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मंडळी.

"ह्या आमच्या चेडवान किड्यांका रंग लावल्यान हा. कशाक, ता तिका म्हायत. ता पोळा तुझ्या पदरात घी. कोणाचोच हात त्येका लागता नये. तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मूर्तीला चिकटवलेल्या ओल्या तांदळांतला उजवीकडचा दाणा पडला. मी देवाला मनापासून हात जोडले. विज्ञानाची अशी सोय कोण करतो?

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेले, तर काका पायरीवरच.

"खंय चल्लंस गो?"

"माझे किडे काढूक."

"तुझे? कालपासून देवाचे ते."

"काका, गाऱ्हाणा माझ्यासाठीच घातलास मां?"

"म्हणान काय झाला? कोणाचोच हात म्हटलंय. तुझो काय हात न्हय?"

"मग परत इचारा."

"एकच गोष्ट दोनदा इचारूक तो काय तुमचो परीक्षक?"

मुंबईला जाऊन प्राध्यापकांना सांगितलं, की देवाची परवानगी नाही. त्यांनी विचारलं, "लेखी दिलंय?"

परत आले ती रिकाम्या हाताने बघत बसायला. जत्रेत दशावतारी नाटकाला जागा हवी म्हणून पोळ्याजवळचा लामणदिवा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला टांगला होता. माझ्या ठिपकेवाल्या माश्या बाहेरून येत, थेट त्या दिव्याशी जात आणि नसलेलं पोळं शोधत घिरट्या घालत. पोळं होतं तिथेच होतं. म्हणजे त्या घर ओळखत नव्हत्या, शेजार ओळखत होत्या.

काकांना विचारलं, "दिवो हलवूक कौल लावूचो लागतलो?"

"दिव्याक कित्याक?"

मग महिनाभर रोज काका शिडी लावून दिवा कधी इकडे, कधी तिकडे टांगत, आणि खाली उतरताना माझ्या शिक्षणाचा उद्धार करत. माश्या मुकाट दिव्यामागे जात. मेंदूवरचा प्रबंध वर्तनावरचा झाला.

पद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलं, की निरीक्षणाच्या काळात पोळ्याला मुळीच स्पर्श केला नाही. माझ्या या शास्त्रीय संयमाचं परीक्षकांनी खास कौतुक केलं. मी ते काकांच्या वतीने स्वीकारलं.