बियाण्याच्या शेंगा

माझ्या आईला सांभाळणारी सुमन शेंगदाणे भाजायला लागली, की त्या खरपूस वासासरशी मला गावच्या घरापुढचा ओटा आठवतो.

पेरणीआधी भिलाटीतल्या, गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतल्या, बाया तिथं बियाण्याच्या शेंगा फोडायला बसायच्या आणि आई त्यांना सतत गाणी म्हणायला लावायची. गाणाऱ्या तोंडात दाणा जात नाही, अशी तिची खात्री. मला लहानपणी ती गंमतच वाटायची.

एका दुपारी सुमनची आई, झिपरीबाई, गाता गाता मधेच गप्प झाली.

"काबरं थांबनी व?" आई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तोंड उघाड."

तोंड रिकामं होतं. तरी आईचा विश्वास बसेना. "जीभ उचल."

तिथंही काही नव्हतं. झिपरीबाईनं ओठ मिटले आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आता धुळ्याच्या घरात आई गोळ्या गालात लपवते. सुमन पाणी पाजते आणि समोरून हलत नाही.

"अक्का, तोंड उघाडा." आई निमूट उघडते. सुमन वाकून बघते. "आते जीभ उचला."

डॉक्टरांनी तिला फक्त गोळ्या द्यायला सांगितलं होतं. जीभ उचलायला लावायचं कुणी शिकवलं, हे तिला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.