काळभैरवाची माकडं आणि नानांची युद्धनौका

आमच्या मंडळात गणपती बसायच्या आधी किस्सेच बसतात. यंदाचे सगळे देखाव्यातल्या युद्धनौकेचे. आमच्या सोनारीपासून समुद्र किती लांब, हे गूगललाही जरा विचार करूनच सांगावं लागतं. पण कल्पना नेव्हीतून रिटायर झालेल्या नानांची, त्यामुळे विरोध कोण करणार?

*

सोनारीत माकडं लई. काळभैरवाची म्हणून काठी कुणी उगारत नाही, आणि दरवर्षी आरतीआधीच ती प्रसादाचे लाडू फस्त करतात. नानांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, "यंदा लाडू जहाजाच्या दारूगोळ्याच्या कोठारात. एक जरी गेला तर मिशी उतरवीन."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्याच दिवशी दुकानातून नवं ब्लेड आणून ठेवलं!

*

फॅब्रिकेशनचं दुकान माझं, म्हणून पत्र्याचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, सगळीकडून सारखा पत्रा मारू. नाना भडकले. "सगळीकडं पातळ म्हंजे कुठंच न्हाय. जिथं दारूगोळा, तिथं जाड. बाकी पुठ्ठा चालतंय."

कोठाराला ट्रॉलीच्या तळाचा जाड पत्रा लावला, वर भलंमोठं कुलूप. तोफेला बोअरवेलच्या केसिंगचा रुंद पाइप. तो मी नुसता वर चिकटवणार होतो, तर नाना म्हणाले, खऱ्या जहाजात गोळा कोठारातूनच वर येतो, पाइप थेट आत सोड. सोडला.

*

मग टेस्टिंग. नानांनी कोठारावर घण घातला. पत्र्याला काही झालं नाही, पण हादऱ्यानं जहाजाचं अख्खं नाक गळून पडलं. आम्ही कपाळाला हात लावला. नाना खूश. "नाकाचं काय घिऊन बसलाव? लाडू शाबूत हाईत."

काकू म्हणाल्या, एवढं चिलखत पिठाच्या डब्याला केलं असतं तर घरातले उंदीर तरी गेले असते.

*

पहिल्याच संध्याकाळी माकडांनी हल्ला केला. झेंडा गेला, धुराडं गेलं, कॅप्टनची केबिन तर चावून थुंकली. कोठाराचा पत्रा मात्र हलला नाही. नाना मिशीला पीळ देत गावभर फिरून आले. खरं सांगतो, मलाही त्यांचा अभिमान वाटला.

आरतीला गाव जमलं. नानांनी कुलपाची किल्ली वर धरून सगळ्यांना दाखवली. तेवढ्यात तोफेच्या तोंडातून माकडाचं एक पिल्लू बाहेर आलं. हातात लाडू, गालात दुसरा.

टाळ थांबले. सगळं गाव मिशीकडे बघू लागलं. काकूंनी पदराआडून ब्लेड काढलं.

नाना ताठ उभे राहिले. पिल्लाला कडक सॅल्यूट ठोकला आणि काकूंना म्हणाले,

"ठिव ते आत. लाडू गेला न्हाय, आमी डागलाय."