चंद्र लपला ती संकष्टी

आमच्या कुसुमवन्सं आज पहाटे गेल्या, आणि मला सारखं हसू येतंय.

लोक बघतात. बघू देत.

(नात म्हणते, आजी तू नुसती बोल, फोन लिहितो. म्हणून बोलतेय.)

वन्सं माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन कोपरीत आले तेव्हा त्या मॅट्रिकला. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली.

माझं पहिलं पोर पोटातच गेलेलं.

पुन्हा दिवस राहिले तशी सासूबाईंनी मला संकष्टी धरायला लावली. चंद्र दिसल्याशिवाय घास नाही.

त्या दिवशी खाडीवरून ढग आले ते हललेच नाहीत. पंचांगातली वेळ टळली. मोदक गार. (माझे मोदक तेव्हा फुटायचे, ते वेगळंच.)

मला दरदरून घाम सुटला. दारातच खाली बसले.

"आई, वहिनीला वाढते," वन्सं म्हणाल्या.

"चंद्र न बघता? पुन्हा तसंच झालं म्हणजे?"

"आणि उपाशी राहून झालं म्हणजे?"

जेवले तरी भीती, नाही जेवले तरी भीती.

वन्संनी पूजेतला नारळ उचलला. "ही आपली पृथ्वी. चंद्रावरून ती आकाशात दिसते. चंद्राच्या चौपट रुंद. उगवत नाही, मावळत नाही, एकाच जागी."

"शाळा नको, कुसे."

"ऐक तर. तीही कलेकलेने वाढते, पण उलटी. इकडे पौर्णिमा की तिकडे पृथ्वीची अमावास्या. मग पौर्णिमेनंतरच्या चवथीला, म्हणजे आज, तिकडून आपण कसे दिसणार?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "चवथीची कोर?"

"गणपतीतली कोर बघितली की आपल्यावर चोरीचा आळ येतो ना? मग चंद्र तरी आज कशाला बघेल आपल्याकडे? ढगाआड बसलाय लपून."

सासूबाईंनी बराच वेळ ढगाकडे बघितलं. मग हात जोडले. "बस बाबा लपून."

आणि मागे न बघता, "वाढ तिला."

स्वतः मात्र सकाळपर्यंत पाण्यावर राहिल्या. माझ्या वाटची भीती त्यांनी घेतली.

तेच पोर आज सत्तरीला टेकलंय. आज त्यानेच आत्याला अग्नी दिला.

वन्सं, आजही संकष्टी आहे. आभाळ स्वच्छ आहे.

वरून आम्हाला बघू नका. आळ येईल.

तुम्ही बघणारच म्हणा.

या आता. नमस्कार करते.