शून्य नंबरची लाइन

आधी चहा संपवा, मग सांगतो. मध्येच ठसका लागला तर तेही पाप माझ्याच डोक्यावर यायचं! एवढं शिकून माणसानं किती गाढव असावं, याचा नमुना शोधायला लांब जाऊ नका. समोर बसलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याबाहेर एका कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. कॉलनीत घरांच्या चार लाइनी, टाकी एक. पाणी पाळीनं. व्हॉल्व्ह फिरवणारे नाना आपल्या मेहुण्याच्या लाइनीत तासभर जास्त पाणी सोडायचे. सगळे चरफडायचे, पण बोलणार कोण?

मी बोललो! साहेबांना म्हटलं, "पाळी कॉम्प्युटर ठरवेल. रोज चिठ्ठी छापेल. चिठ्ठीशिवाय नानांनी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही."

शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी. त्यात 'एक्सपर' नावाची कमांड, ती गणित सोडवते. वर्षातला कितवा दिवस, त्याला चारनं भागायचं, जी बाकी उरेल त्या लाइनीला पाणी. आम्ही कॉम्प्युटरवाले मोजायला शून्यापासून बसतो ना! म्हणून लाइनी शून्य ते तीन. शून्य कुणाची? अर्थात माझी. आणि गणित फसलंच, तर 'पाणी बंद' छापायचं. केवढी खबरदारी!

मे महिना. आमच्या पहिल्याच पाळीच्या दिवशी चिठ्ठी आली, पाणी बंद.

शेजारचे आबा अंथरुणाला खिळलेले. उन्हानं अंगाची लाही व्हायची त्यांच्या. खिडकीतून मला विचारायचे, "नळ उना का रे, भाऊ? दोन बादल्या डोकावर टाकानं मन व्हई ऱ्हायनं."

"टाकी धुवायला काढली असेल, आबा. माणूस चुकतो, मशीन चुकत नाही!"

काय तो माझा रुबाब! बायको म्हणाली, "अहो, एकदा बघून तरी या." मी गेलो नाही. अडाण्यांच्या तक्रारी म्हणून सोडून दिलं. बाकीच्या तीन लाइनी न्हाऊनमाखून खूश. आम्ही लोकांकडून हंडे मागून आणत होतो.

पुढच्या पाळीच्या सकाळी आबा गेले.

लाइनीत होतं नव्हतं ते पाणी त्यांच्या शेवटच्या आंघोळीला गेलं. मीही खांदा दिला. परत आलो, नळ सोडला, तर नुसती हवा! स्मशानातून आलेली माणसं भर उन्हात दाराबाहेर उभी. आंघोळीशिवाय घरात जाणार कशी?

मी नानांकडे धावलो.

"कागदवर पाणी बंद शे, भाऊ."

"नाना, मयत झालंय! सोडा ना!"

"चिठ्ठीबिगर हात लावाना नही. नियम तुमनाच शे." आणि बिडी पेटवली. मजा वाटत होती त्यांना, मी शपथेवर सांगतो.

तसाच कॉम्प्युटर रूमवर गेलो. साहेबांनी काचेपलीकडून हात वर केला. "तिथंच थांबा! स्मशानातून आलात ना? आत मशीनची पूजा झालीय. आंघोळ करून या."

"साहेब, आंघोळीसाठीच तर आत यायचंय!"

"हातानं चिठ्ठी लिहून देऊ?"

मी हात जोडले. "द्या, उपकार होतील!"

"कशी देणार? हाताची चिठ्ठी चालणार नाही, असं तुम्हीच लिहून घेतलंय माझ्याकडून."

मी काचेला नाक लावलं. "निदान आजची बाकी काढून बघा."

त्यांनी टाइप केलं. "शून्य. बरोबर आहे की!"

 आठवलं हो! एक्सपरची एक खोड असते. उत्तर शून्य आलं की ती शून्य छापते, पण जाताना 'जमलं नाही' अशी खूण मागे ठेवते. ती खूण दिसली की माझी स्क्रिप्ट समजणार, गणित फसलं. म्हणजे उत्तर बरोबर, लाइन बरोबर, आणि छापणार काय? पाणी बंद! आमच्या लाइनीला जन्मात पाणी आलं नसतं. पुस्तकात वाचलं होतं मी हे. परीक्षेत लिहिलंही होतं.

"साहेब, एक ओळ बदला फक्त."

"तुमच्या प्रोग्रॅमला मी हात लावत नाही, बाबा. मशीन बिघडलं तर?"

परतलो. बाकीच्या लाइनींनी बादल्या धाडल्या होत्या. सगळ्यांनी अंगावर घेतल्या, घरोघरी गेले. माझ्या वाट्याला पालथ्या बादल्या. ओट्याखाली उन्हात उभा राहिलो. बायकोनं दार अर्धं लोटून घेतलं. मला लाज वाटत होती, आणि आबा सारखे आठवत होते. दोनच बादल्या मागत होता म्हातारा.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. आबांची बायको, अक्का. रडून डोळे सुजलेले. हातात तांब्या.

"ले, भाऊ. तेसनी आंघोळनं एवढं पाणी उरेल शे."

मला घ्यायला हात होईना.

"ले ना! मशीन चुकस नही ना?" अक्का म्हणाल्या. "मंग हाई तुनाच वाटानं व्हई."

घेतला. डोक्यावर ओतला. कॉलनीच्या पाण्याची शिस्त लावणारा मी, आणि त्या दिवशी न्हालो ते मेलेल्या माणसाच्या पाळीत.