महादेवाला सोडलेला गहू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते. पण गळा काढणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आमच्या नांदेडच्या घरात मला मोठा मान आहे. का? तर मी लग्नाआधीच महादेवाला गहू सोडलाय म्हणून. सणाला सगळ्यांना पुरणपोळी, माझ्या ताटात ज्वारीची भाकरी. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात.

महादेवाला मी काहीही सोडलेलं नाही. मला सीलियाक नावाचा आजार आहे. लग्नाआधी, रेणापूरला असताना, पोटानं पार खंगले होते. लातूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं — हा दोष रक्तातून येतो. गहू पोटात गेला की शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच आतड्यावर उलटते. पुढं मुलांनाही होऊ शकतो, लक्ष ठेव. आई म्हणाली, सोयरीक मोडेल, बोलू नको. पण खोटं बोललेलं तोंड माझंच होतं ना?

माझी गौरी चार वर्षांची झाली आणि तिचं पोट फुगायला लागलं, हातपाय काडी झाले. जुलाब थांबेनात. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण तिचा गहू बंद करावा तर घरात विचारणार — लेकरानं कोणत्या देवाला सोडलाय? म्हणून मी — हो, मीच — तिला दूधपोळी कुस्करून भरवत राहिले. दोन वर्षं. माझा मान पोरीपेक्षा मोठा होता? होता.

शेवटी तपासणीत निघालंच. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हणाले, नाही. शेजारी सासूबाई रडायलाच लागल्या. "माझी बहीण पोटानंच गेली व्हती, डॉक्टरसाहेब. माझ्याच माहेरचं रगत हाय हे. मीच लेकराच्या मुळावर आले." मी पदरानं त्यांचे डोळे पुसले.

आता गौरी अकरा वर्षांची आहे. बरी आहे, पण वर्गात सगळ्यांत बुटकी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, तरी तिच्यासाठी भाकऱ्या त्याच थापतात. मला परातीला हात लावू देत नाहीत. आपलं पाप फेडते म्हणतात. मला दुष्ट म्हणा, खुशाल म्हणा. माफी मागत नाही मी. माफीनं पोरीची उंची वाढणार आहे का?

तव्यावरची पहिली भाकरी मात्र त्या रोज माझ्याच ताटात वाढतात — देवाची म्हणून. आणि मी ती खाते.